लघुग्रहांची मोजणी आणि वाटेतले तारे

रिसोड तालुक्याची पश्चिमेकडील सरहद्द ओलांडली की लोणारचा मुलूख लागतो. अशनीच्या आघाताने बेसाल्टात पडलेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर ज्यांच्या इतके निकट आहे, त्यांना पृथ्वीकडे धावणाऱ्या पाषाणांची खबर कशासाठी ठेवावयाची हे निराळे सांगावयास नको. मात्र ती मोजणी कशी होते याविषयीचे काही रूढ समज तपासून घेणे अगत्याचे आहे.

कॅमेरा जितका अधिक वेळ उघडा, तितका अंधुक लघुग्रह स्पष्ट, हा पहिला समज. ताऱ्यांपुरता तो खरा आहे; परंतु वेगवान लघुग्रहाचा प्रकाश एका जागी न साचता रेघेच्या रूपाने पसरतो, आणि वेळ वाढविल्याने रेघ केवळ लांबते, उजळत नाही. 16 ऑगस्ट 2020 रोजी पृथ्वीपृष्ठापासून अवघ्या 2,950 किलोमीटरवरून गेलेला 2020 क्यूजी हा लघुग्रह पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रांत अशाच रेघेवरून सापडला, आणि ती ओळखणाऱ्यांत मुंबईच्या आयआयटीचे कुणाल देशमुख व क्रिती शर्मा हे विद्यार्थी होते, याचा अभिमान वाटतो.

यावर तोडगा म्हणून दुर्बीण लघुग्रहाच्या गतीने चालविली, तर तो बिंदुवत राहतो आणि रेघा ताऱ्यांच्या होतात. मग हे तारे म्हणजे निव्वळ अडथळा, असा दुसरा व अधिक घातक समज होतो. वस्तुतः ज्यांची स्थाने सूचीत नोंदलेली आहेत असे हे तारेच आकाशाच्या मोजणीतील हद्दीचे दगड होत. ते उखडले तर लघुग्रह कोठे आहे हे सांगण्यास दाखलाच उरत नाही. लडाखातील हानले येथील 0.7 मीटर व्यासाच्या ग्रोथ-इंडिया दुर्बिणीच्या चित्रांत या रेघा 6.5 कलांपर्यंत लांबल्या होत्या, तरी 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅस्ट्रीक्स’ या पद्धतीने त्या लांबट ताऱ्यांवरूनच 115 लघुग्रहांची 371 चित्रे मोजण्यात आली, आणि गणिताने अपेक्षित स्थानाशी ताडून पाहता फरकांचे प्रमाण विचलन 0.52 विकला इतकेच भरले.

तेजाची मोजणी करताना मात्र तारा खरोखर आड येतो. तेथे तो रंगवून पुसून टाकावा, ही समजूत सर्वथा त्याज्य होय, कारण पुसलेल्या जागी भरलेला उजेड कल्पित असतो. त्याच क्षेत्राचे, लघुग्रह तेथे नसतानाचे चित्र घेऊन ते वजा करणे हा शास्त्रशुद्ध शिरस्ता. आणि तारा इतका तेजस्वी असेल की त्याने चित्रकणच भरून गेले, तर वजाबाकीही निरुपयोगी ठरते व ते निरीक्षण बाद करावे लागते. डोळ्यांस न दिसणारा अंधुक तारादेखील लघुग्रहाच्या तेजात क्षणिक वाढ दाखवून त्याच्या परिवलनकाळाविषयी दिशाभूल करू शकतो. म्हणून लघुग्रहाच्या मार्गातील तारे सूचीवरून आधीच पाहून, आकाशगंगेचा दाट पट्टा टाळून, निरीक्षणाची रात्र मुक्रर करतात.