मोहिनीची भूमिका आणि कमलाबाई गोखले

चित्रपटांतील पहिली भारतीय नटी म्हणून कोणी दुर्गाबाई कामत यांचें नांव घेतात, कोणी त्यांची कन्या कमलाबाई गोखले यांचें. आमच्या मतें हा वाद निरर्थक आहे. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) या एकाच मूकपटांत आई पार्वती झाली व मुलगी मोहिनी. दोघींचा मान एकाच दिवसाचा.

विचारणीय मुद्दा निराळाच आहे. त्याच वर्षीं ३ मे रोजीं मुंबईस फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यांत तारामती झाले होते अण्णा साळुंके. स्त्री मिळावी म्हणून फाळक्यांनीं वेश्यावस्तीपर्यंत शोध केला. अखेर उपाहारगृहांतील या तरुणास लुगडें नेसवावें लागलें. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत भूमिकेचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्त्रीचें काम स्त्रीनें, पुरुषाचें पुरुषानें केलें म्हणजे अनुरूपा. वयाचा विपर्यास झाला म्हणजे विरूपा. पुरुषानें स्त्रीभाव धारण केला म्हणजे रूपानुरूपिणी. साळुंक्यांची तारामती या तिसऱ्या प्रकारची. आतां मोहिनी पाहा. ती मूळांत स्त्रीच नव्हे. भस्मासुरास भुलविण्यासाठीं विष्णूनें घेतलेलें तें रूप! पुरुष नटास याहून सोयीची भूमिका पुराणांत शोधूनहि सांपडणार नाहीं, आणि नेमकी तीच तेरा वर्षांच्या मुलीच्या वांट्यास आली.

याचें कारण पोटांत आहे, सुधारणेंत नाहीं. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि मुलीस घेऊन फिरत्या नाटक मंडळींत शिरल्या. १९०० सालीं जन्मलेल्या कमलाबाई चारपांच वर्षांच्या असतांनाच रंगभूमीवर आल्या. चारचौघांसमोर न बुजणारी मुलगी फाळक्यांस अशी तयारच मिळाली.

१९१३ सालींच गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली, आणि बालगंधर्वांची स्त्रीभूमिका हाच कुलस्त्रीच्या सौंदर्याचा नमुना ठरला. पुढें १ जुलै १९३३ रोजीं ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत ज्योत्स्ना भोळे प्रभृति स्त्रिया उभ्या राहिल्या, तेव्हां नव्या युगाचा आरंभ झाला असें लिहिलें गेलें. त्या कार्याचें मोल आम्ही कमी मानीत नाहीं. परंतु वीस वर्षें आधीं ज्या दोघी पोटासाठीं कॅमेऱ्यापुढें आल्या, त्यांस इतिहासकारांनीं एका ओळींत उरकावें हें आम्हांस खटकतें.

कमलाबाईंचा विवाह नट रघुनाथराव गोखले यांच्याशीं झाला. ऐन तारुण्यांत वैधव्य आलें; पदरीं मुलगे. संसार नाटकावरच चालला, आणि त्यासाठीं त्यांनीं पुरुषांच्या भूमिकाहि केल्या. भरतांचा तिसरा प्रकार येथें उलटा झाला! लालजी व सूर्यकांत हे पुत्र तबल्यांत, चंद्रकांत अभिनयांत नांवारूपास आले. नातू विक्रम यांची ख्याति सर्वश्रुत आहे. मूकपटांत आरंभ केलेल्या कमलाबाई १९८० सालच्या ‘गहराई’ या हिंदी चित्रपटांतहि दिसतात. रीना मोहन यांच्या ‘कमलाबाई’ या अनुबोधपटांत त्या वृद्धपणीं आपली हकीकत स्वमुखानें सांगतात. अशा पुराव्यास आम्ही बखरीहून कमी लेखीत नाहीं.

आमच्या कोपर-डोंबिवलीकडे जुनीं घरें पाडून इमारती उठत आहेत. माळ्यावरच्या पेटींत पोथी निघाली तर ती संग्राहकाकडे जाते; नाटकाचें हस्तपत्रक रद्दींत जातें. फिरत्या मंडळ्यांचीं असलीं पत्रकें, पात्रांच्या याद्या किंवा हिशेबाच्या वह्या कोणाजवळ असल्यास त्यांनीं त्यांतील स्त्रियांचीं नांवें तूर्त उतरून तरी ठेवावीं. कागद जुना नाहीं म्हणून टाकूं नये.