सेकंडहँड गाडी आणि डीलरची ‘जादा हमी’ : घ्यावी की नाही?



गळीत हंगाम संपून उसाची बिले हातात पडली, की आपल्या कार्यक्षेत्रात घरोघरी नव्या खर्चांचे बेत सुरू होतात. कोणाला विहिरीवर नवी मोटर बसवायची असते, कोणाला मुलीचे लग्न उरकायचे असते, तर कोणाला चारचाकी घ्यायची असते. नवी गाडी परवडत नाही म्हणून पुष्कळ सभासद मुंबईची वाट धरतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत जुन्या गाड्यांचे डीलर भरपूर आहेत, गाड्या दिसायला चकचकीत असतात, आणि आपल्या गावचा कोणीतरी नातेवाईक तिथे नोकरीला असतोच. गाडी पसंत पडते, भाव ठरतो आणि सही करायच्या वेळी डीलर हळूच दुसरा कागद पुढे करतो. “साहेब, ही एक वर्षाची प्रोटेक्शन घेऊन टाका. इंजिन, गिअरबॉक्स सगळं आलं. बिनघोर फिरा!”

ही जादा हमी घ्यावी की नाही, अशी विचारणा आमच्याकडे गेल्या वर्षभरात बऱ्याच सभासदांनी केली. म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहोत.

हमी कोणाची, विमा कोणाचा?

आधी एक घोळ दूर करू. विमा आणि वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपघात, चोरी, आग, पूर यांचे नुकसान विमा कंपनी देते. गाडी चालता चालता आपोआप बिघडली, झिजली, तर साध्या मोटार विम्यात एक पैसाही मिळत नाही. ती उणीव वॉरंटीने भरून निघते, असे डीलर सांगतो. तत्त्वतः ते खरे आहे. पण विमा देणारी कंपनी सरकारी नियामकाच्या देखरेखीखाली असते. डीलरची स्वतःची वॉरंटी म्हणजे त्या डीलरने दिलेला शब्द. उद्या त्याने गाळा बंद केला तर तो शब्दही बंद.

वॉरंटीचे साधारण तीन प्रकार आढळतात. पहिली गाडी बनविणाऱ्या कंपनीची. उदाहरणार्थ, मारुतीने जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांना तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी दिली आहे. अशी गाडी दोन वर्षांनी विकली गेली तर उरलेली मुदत नव्या मालकाला मिळते का, हे अधिकृत वर्कशॉपमध्ये चासी नंबर सांगून विचारता येते. फुकटात मिळणारी हमी असताना तीच पुन्हा विकत घेण्यात काय हशील?

दुसरी, कंपन्यांच्या जुन्या गाड्यांच्या दुकानांतून मिळणारी. मारुतीने ‘ट्रू व्हॅल्यू’ २००१ साली सुरू केले, पुढे इतर कंपन्याही या धंद्यात उतरल्या. तपासून प्रमाणित केलेल्या गाडीबरोबर अशा ठिकाणी ठरावीक मुदतीची वॉरंटी मिळते, आणि तिचे काम कंपनीच्या वर्कशॉपात होते. तिसरी म्हणजे खाजगी डीलरची, किंवा त्याने कोणा तिसऱ्या कंपनीकडून घेऊन आपल्याला विकलेली. आपल्या सभासदांना बहुतेक वेळा हीच विकली जाते, आणि खरी खबरदारी इथेच घ्यायची आहे.

मुंबईत काय झिजते, कागदावर काय लिहिलेले असते

उपनगरातल्या गाडीचा मीटर बघून आपण खूष होतो. सहा वर्षांत फक्त पस्तीस हजार किलोमीटर! पण वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर किंवा एलबीएस मार्गावर संध्याकाळी गाडी कशी चालते, ते तिथे राहणाऱ्या पाहुण्याला विचारा. पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. दहा किलोमीटरला तास जातो. चाके थोडी फिरतात, पण इंजिन तासन्‌तास चालू राहते आणि क्लच व ब्रेक झिजतात.

आता वॉरंटीचा कागद उलटून बघा. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बॅटरी, टायर, वायपर, बल्ब, रबरी बुश, शॉक अॅब्सॉर्बर हे सगळे ‘झिजणारे भाग’ म्हणून बहुतेक वेळा वगळलेले असतात. म्हणजे मुंबईच्या रहदारीने जे खाल्ले ते वॉरंटीत नाही, आणि गाडी गावी आल्यावर ऊस वाहतुकीने खड्डे पडलेल्या रस्त्यांवर जे तुटणार तेही नाही. उरले इंजिन आणि गिअरबॉक्सचे आतले भाग. ते बिघडले तर खर्च मोठा होतो यात वाद नाही. पण चांगल्या राखलेल्या लहान पेट्रोल गाडीत एका वर्षात ते बिघडण्याचा संभव कमी असतो.

आपल्या एका सभासदाचा अनुभव सांगण्यासारखा आहे. उपनगरातल्या एका डीलरकडून त्यांनी गाडी आणि तिच्यासोबत वर्षाची हमी घेतली. पाचव्या महिन्यात गाडी चढाला ओढेना. फोन केल्यावर उत्तर आले, “गाडी आमच्या गॅरेजला आणा.” टोइंगचे भाडे स्वतःचे. तिथे नेल्यावर कळले, क्लच गेला आहे, तो वॉरंटीत बसत नाही. शेवटी तालुक्याच्या गॅरेजमध्ये जे काम झाले असते तेच मुंबईत दुप्पट त्रासाने झाले. डीलरने कागदाबाहेर काही केले, असेही म्हणता येत नाही. कागद तसाच होता.

दुसऱ्या बाजूचेही उदाहरण आहे. मुलुंडला नोकरी करणाऱ्या एका सभासदाच्या मुलाने तीन वर्षांची ऑटोमॅटिक गाडी कंपनीच्या दुकानातून वॉरंटीसह घेतली. आठव्या महिन्यात गिअरबॉक्सचा इलेक्ट्रॉनिक भाग निकामी झाला आणि वर्कशॉपने तो बदलून दिला. घरापासून वर्कशॉप जवळ, सर्व्हिसिंगची नोंद पूर्ण आणि महागडा भाग कागदावर स्पष्ट लिहिलेला. तिथे पैसे सार्थकी लागले.

उसाच्या भाषेत हिशेब

समजा, साडेचार लाखांच्या गाडीवर डीलर अठरा हजारांची हमी सांगतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ती २१,२४० रुपयांना पडते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये होती. म्हणजे हा कागद सुमारे सहा टन उसाचा झाला, आणि तोडणी-वाहतूक वजा जाता त्याहूनही जास्त.

आता त्या सहा टनांच्या बदल्यात काय मिळते ते बघायचे. एका दुरुस्तीला जास्तीत जास्त किती रक्कम देणार, याची मर्यादा कागदावर असते. ती मर्यादा पंधरा हजार असेल तर एकवीस हजार भरून पंधरा हजारांची हमी घेण्यात अर्थ नाही. मजुरी धरली आहे की नुसता पार्ट, पहिले काही दिवस किंवा किलोमीटर वगळले आहेत का, दर सर्व्हिसिंग त्यांच्याच गॅरेजला करायची अट आहे का, हेही तपासा. दर सहा महिन्यांनी तीनशे-चारशे किलोमीटर जाऊन तेल बदलायचे असेल, तर त्या फेऱ्यांचा खर्चही याच हिशेबात धरला पाहिजे. आणि लग्नसराईत गाडी भाड्याने दिली तर वॉरंटी बाद होतेच, खाजगी गाडीचा विम्याचा दावाही अडचणीत येतो.

बाकीच्या पुरवण्या

वॉरंटीबरोबर डीलर आणखीही काही गळ्यात घालतो. गाडीखाली मारायचे गंजरोधक कोटिंग त्यातलेच एक. समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीला तळाशी गंज असू शकतो. गंजावर काळा थर मारला की तो झाकतो, थांबत नाही. तेव्हा कोटिंगआधी गाडी उचलून तळ पाहावा. रस्त्यावरची मदत म्हणून वेगळे पैसे मागितले, तर ती सोय विम्यात थोडक्या रकमेत मिळते का ते आधी विचारावे.

विमा कंपनीकडून मिळणाऱ्या पुरवण्या मात्र वेगळ्या. साध्या विम्यात प्लॅस्टिक व रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. ‘झीरो डेप्रिसिएशन’ घेतले तर ही कपात टळते, पण जुन्या गाडीला ते मिळेलच असे नाही. इंजिनात पाणी शिरून होणाऱ्या नुकसानीसाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ असते. अंधेरीच्या सबवेखालून पावसाळ्यात रोज जाणाऱ्याला ते उपयोगी आहे. आपल्याकडे माण-खटावच्या बाजूला राहणाऱ्याने त्यावर खर्च करण्याआधी विचार करावा.

त्यापेक्षा पैसे कुठे घालावेत?

बैलबाजारात आपण काय करतो? दात बघतो, चालवून बघतो, औताला जुंपून बघतो. मालकाने “वर्षभराची हमी देतो” म्हटले म्हणून दात न बघता बैल कोणी घेत नाही. गाडीलाही हाच न्याय लावावा.

आपल्या विश्वासातला मेकॅनिक सोबत न्यावा. त्याचे भाडे, जेवण आणि मजुरी धरूनही वॉरंटीपेक्षा खर्च कमी येतो. गाडी सकाळी थंड असताना सुरू करून बघावी. चढावर क्लच तपासावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर चिखलाचा डाग राहतो. मॅटखाली माती, सीटच्या बोल्टना गंज, कुबट वास याही खुणाच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा उपनगरांतल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. तेवढा पाऊस नेहमी पडत नाही, पण सखल भागात पाणी दर पावसाळ्यात तुंबते. गाडी सीएनजीवर असेल तर किटची नोंद आरसी बुकात आहे का आणि दर तीन वर्षांची सिलिंडर तपासणी झाली आहे का, ते पाहावे.

त्यानंतर कागदपत्रे. एमएच-०२ म्हणजे अंधेरी, एमएच-४७ म्हणजे बोरिवली, आणि मुलुंड-घाटकोपरच्या गाड्या वडाळ्याच्या एमएच-०३ वर असतात. नंबरावरून बँकेचा बोजा, थकलेली चलने आणि विम्याची मुदत ऑनलाइन पाहता येते. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओचे अधिकृतता प्रमाणपत्र घेण्याचा नियम लागू झाला आहे. ते दाखवा, असे बेलाशक म्हणावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नावावर करणे. फॉर्म २९ व ३० भरून गाडी नावावर करून घ्या. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. तसे केले नाही तर तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता विमा चालू राहतो, पण आपल्या गाडीचे नुकसान झाल्यास कंपनी दावा नाकारू शकते. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे तेवढा हप्ता वाढणार हेही गृहीत धरावे. आणि जे सभासद आपली जुनी गाडी विकतात त्यांनीही ध्यानात ठेवावे, की आरटीओत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. अठरा हजारांची वॉरंटी घेतली आणि नावावर करायचे राहिले, म्हणजे घराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखे झाले.

उरलेली रक्कम आपल्या पतसंस्थेत गाडीच्या नावाने वेगळी ठेवा. गाडी बिघडली तर दुरुस्तीला कामी येईल. नाही बिघडली तर पैसे आपलेच आहेत. वॉरंटीचे पैसे मात्र गाडी बिघडो न बिघडो, परत येत नाहीत.

मग घ्यावी कधी?

आमचे मत थोडक्यात सांगतो. गाडी ऑटोमॅटिक किंवा महागड्या इलेक्ट्रॉनिक भागांची असेल, वॉरंटी गाडी बनविणाऱ्या कंपनीची असेल, तिचे काम आपल्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी होत असेल, आणि दुरुस्तीची मर्यादा हमीच्या किमतीच्या कितीतरी पट असेल, तर खुशाल घ्यावी. यातले एक जरी कमी असेल तर दोनदा विचार करावा. साधी, लहान, पेट्रोलवर चालणारी गाडी आणि मुंबईतल्या एकाच गॅरेजची हमी असेल, तर नको म्हणावे.

“वॉरंटी घेतली नाही तर गाडी देत नाही,” असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी सक्ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अयोग्य आहे. घेतलेल्या हमीचे काम टाळले, तरी तक्रारीसाठी मुंबईला जायची गरज नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मात्र डीलरने तोंडी काय सांगितले ते तिथे सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून जे सांगितले ते पावतीवर लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्यावे.

डीलर म्हणेल, “ही ऑफर आजच्यापुरतीच आहे.” तरीही कागद हातात घ्या, बाहेर येऊन चहा घेत घेत मुलाकडून किंवा पाहुण्याकडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या, आणि मगच सही करा, एवढीच सर्व सभासदांना विनंती.