देहातले वायुदूत

सशाच्या महाधमनीच्या पट्टीवर अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन टाकले की ती कधी सैल पडे, कधी नाही. ब्रुकलिनमध्ये संशोधन करणाऱ्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये यामागचे कारण मांडले. धमनीचे आतले अस्तर शाबूत असेल तरच ती सैल पडत होती. अस्तरातून काहीतरी निघून शेजारच्या स्नायूपर्यंत निरोप पोचवत होते. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे कळायला आणखी सहा-सात वर्षे लागली. १९९८ मध्ये फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना या कामासाठी नोबेल मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत या वायूचाच परिणाम टिकवणाऱ्या व्हायग्रा या पुरुषांसाठीच्या गोळीला मान्यता मिळाली, आणि या वायूची गोष्ट घरोघर पोचली ती पुरुषाच्या शरीराची गोष्ट म्हणून.

स्त्रीच्या शरीरातही हाच वायू काम करतो. लैंगिक उत्तेजनाच्या वेळी मज्जातंतूंची टोके आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतात. तो इतका लहान, की पेशीचे आवरण सहज ओलांडतो. काही सेकंदांतच तो नाहीसा होतो, पण तेवढ्यात स्नायूपेशीत सीजीएमपी नावाचा रेणू तयार करवून घेतो. मग पेशीतले कॅल्शियम घटते, स्नायू सैलावतो, रक्त भरते. शिश्निका फुगते ती यामुळेच. तिचा बराचसा भाग शरीराच्या आत असतो, हे ऑस्ट्रेलियाच्या शल्यविशारद हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ मध्ये सविस्तर दाखवले. इतक्या मूलभूत शरीररचनेकडे इतक्या उशिरा नीट पाहिले गेले, याची खंत वाटते.

योनिमार्गातला ओलावाही मुख्यतः रक्तप्रवाहाचीच देणगी आहे. भिंतीतल्या केशवाहिन्यांत रक्त वाढले की त्यातला द्रव अस्तरातून पाझरतो. इथे मात्र नायट्रिक ऑक्साइड एकटा नसतो. मज्जातंतूंतून येणारी इतर रसायनेही भार उचलतात. सडक्या अंड्याच्या वासामुळे ओळखला जाणारा हायड्रोजन सल्फाइडही शरीर अत्यल्प प्रमाणात बनवते, आणि स्नायू सैलावण्यात त्याचाही हात असल्याचे प्रयोगांत दिसते.

या सगळ्यावर इस्ट्रोजेनची देखरेख असते. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकरांवर त्याचा प्रभाव असतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, योनीचे अस्तर पातळ होते, रक्तपुरवठा कमी होतो. मधुमेहात रक्तवाहिन्यांचे अस्तरच बिघडते. कोरडेपणा, संबंधावेळची वेदना यांमागे अशी स्पष्ट शारीरिक कारणे असू शकतात. तरी 'आता वय झालं' एवढ्यावर बाईची बोळवण होते, आणि तीही गप्प बसते.

मग व्हायग्रा स्त्रियांना का देत नाहीत? फायझर कंपनीने सुमारे तीन हजार स्त्रियांवर चाचण्या केल्या आणि २००४ मध्ये तो नाद सोडला. ही गोळी सीजीएमपी मोडू देत नाही, त्यामुळे रक्त वाढू शकते. पण रक्त वाढले म्हणून इच्छा वाढतेच असे नाही. इच्छेत मेंदू, नाते, थकवा, भीती, सगळेच येते.

म्हणून नवऱ्याची गोळी परस्पर घेऊन पाहणे बरे नव्हे. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या बाईने तर मुळीच नाही: नायट्रेट सीजीएमपी वाढवते, ही गोळी ते टिकवते, आणि रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणावर वंगण जेल आणि योनीत लावायचे इस्ट्रोजेन हे उपाय आहेत. त्यांतला कोणता आपल्याला चालेल, ते स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारावे.