ग्लॅडिओलस: फुलानंतरची निगा

फुलबाजारात ग्लॅडिओलसचे दांडे उभेच ठेवतात. आडवे पडले, तर काही तासांत त्यांचे शेंडे वर वळतात आणि दांडा वाकडा होतो. गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेने वाढण्याचा हा स्वभाव कापल्यावरही सुटत नाही. एवढ्या जिवट फुलाला घरच्या बागेत मात्र बहुधा एकच मोसम मिळतो. फूल सरलं की झाड उपटलं जातं, आणि पुढच्या वर्षीचा कंद पोसायचा राहून जातो.

ग्लॅडिओलस केशराच्या कुळातला. त्याच्या बहुतेक मूळ जाती दक्षिण आफ्रिकेतल्या. 1841 मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरातून 'गॅन्डाव्हेन्सिस' हा संकर विक्रीला आला आणि युरोपच्या बागा या फुलाने भरल्या. पुढे आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया धबधब्याच्या तुषारांत वाढणारी एक पिवळी जात संकरासाठी वापरली गेली. तिची वरची पाकळी टोपऱ्यासारखी पुढे झुकते, त्यामुळे आतले परागकण भिजत नाहीत. आजच्या पिवळ्या-केशरी छटांमध्ये तिचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रालाही 'फुले गणेश', 'फुले प्रेरणा' असे आपले वाण मिळाले आहेत, ते महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे.

लागवडीला दिवाळीचे दिवस उत्तम. तेव्हा लावलेले कंद वाणानुसार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात. पंधरा-पंधरा दिवसांनी थोडे थोडे लावले, तर बहर लांबतो.

कंद घेताना बरेच जण रुंदी पाहतात. पाहायला हवी उंची. चार-पाच सेंटिमीटर व्यासाचा, मधोमध फुगीर कंद हा रुंद पण चपट्या, जुन्या कंदापेक्षा सरस. कोंब जागा झालेला असावा, कारण नुकत्याच काढलेल्या कंदाला दोन-तीन महिन्यांची विश्रांती लागते. कोंब वर ठेवून 6 ते 8 सेंटिमीटर खोल आणि 15 सेंटिमीटर अंतरावर लावावा. 30 सेंटिमीटरच्या कुंडीत चार-पाच कंद मावतात. माती निचऱ्याची, शेणखत पुरतं कुजलेलं आणि ऊन भरपूर हवं. सावलीत पानं माजतात, दांडा मात्र येत नाही.

तिसरं-चौथं पान फुटलं की आत दांडा घडू लागतो. या दिवसांत पाण्याचा ताण पडला, तर कळ्या कमी येतात. याच सुमारास बुंध्याला मातीची भर आणि आधाराला काठी द्यावी. पानांवर चंदेरी ओरखडे दिसले, तर ते फुलकिड्यांचं काम. निंबोळी अर्क लगेच फवारावा. मर रोगाने पिवळं पडलेलं झाड कंदासकट काढून टाकावं, कंपोस्टमध्ये मुळीच घालू नये.

खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की सकाळी दांडा कापावा. बाकीच्या फुलदाणीत क्रमाने उमलतात. झाडावर किमान चार पानं राहू द्यावीत. जुना कंद दरवर्षी आटतो आणि त्याच्यावर नवा तयार होतो, तो या पानांनी बनवलेल्या अन्नावर. म्हणून फुलांनंतरही सहा-आठ आठवडे पाणी चालू ठेवावं. पानं पिवळी पडली की ते थांबवून कंद काढावेत, सावलीत वाळवावेत, खालचा सुरकुतलेला जुना कंद मोडून टाकावा. हरभऱ्याएवढे छोटे कंद वेगळे ठेवा. त्यांना फुलायला दोन-तीन मोसम लागतात.

उन्हाळ्यात कंद जाळीच्या पिशवीत, हवेशीर आणि कोरड्या जागी टांगावेत. बुरशीनाशकात बुडवायचे ते थेट लावणीच्या वेळी, हातमोजे घालून. फुलं संपली म्हणून यंदा झाड उपटू नका. पानांना आणखी दोन महिने द्या.