काजळातलं शिसं, दुपट्यातली डांबरगोळी

शिंद्यांबरोबर माळव्यात आलेल्या मराठी घरांत बाळाचं तीट-काजळ, धुरी, वेखंड अजून चालू आहे. आज्या सांगतात, बाटलीत केमिकल असतं, आपलं घरचं ते शुद्ध. बाळाला अपाय होतो तो मात्र पुष्कळदा या ‘शुद्ध’ वस्तूंमधूनच.

गैरसमज : सुरमा नैसर्गिक, म्हणून निर्धोक.

पारंपरिक सुरमा गॅलेना या खनिजाची पूड असतो, म्हणजे शिशाचं सल्फाइड. बाळ डोळे चोळतं, तोच हात तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट प्रमाणात मुलांच्या शरीरात शोषलं जातं. शिशाची सुरक्षित पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला भारतात बंदी आहे, पण लेबल नसलेल्या सुट्या डबीत काय आहे ते कोण पाहणार? दिव्यावर धरलेल्या काजळात गॅलेना नसतं, तरी बोटावरचे जंतू डोळ्यांत जातातच. तीट लावायचीच तर त्याच काजळाची कानामागे लावा, डोळ्यांत काहीच घालू नका.

गैरसमज : बेबी पावडरवर महाराष्ट्रात कारवाई झाली ती कॅन्सरमुळे.

जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्याचा परवाना एफडीएने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला, तो नमुन्याचा पीएच प्रमाणाबाहेर आला म्हणून. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. रोजचा धोका वेगळाच आहे. टाल्क असो, कॉर्नस्टार्च असो की वेखंडाची पूड, बारीक भुकटी बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जाते. पावडरीवाचून बाळाचं काही अडत नाही.

गैरसमज : डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी झटकून वापरली तरी चालतात.

ही चूक सगळ्यांत महाग पडते. पेटीतून कुंची, दुपटी निघतात, वास येत असतो आणि तशीच ती बाळाभोवती गुंडाळली जातात. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जातं. अंगाला तेल चोळलेलं असेल तर आणखी सहज. बाळात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल, तर तांबड्या पेशी फुटतात, कावीळ झपाट्याने वाढते आणि मेंदूपर्यंत इजा पोहोचू शकते. ही कमतरता बाळाकडे पाहून ओळखता येत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवूच नये.

कापूर घातलेलं तेलही दोन वर्षांखालच्या मुलाच्या छातीला चोळू नका. कापराने झटके येऊ शकतात.

बाटलीवर बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता, घटकांची यादी आणि मुदत पाहा. ‘हर्बल’ हा शब्द तपासणीचा पुरावा नाही. आणि बाळाचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा. दुपटी डांबरगोळ्यांत होती, हेही डॉक्टरांना न विसरता सांगा.