ग्रामीण कबड्डी मंडळे आणि मैदानाचा प्रश्न : आयर्लंडमधील गेलिक क्रीडामंडळांच्या संदर्भात

प्रस्तावना :
गावातील क्रीडामंडळ हा महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनातील महत्त्वाचा, परंतु अभ्यासकांकडून काहीसा दुर्लक्षित राहिलेला घटक आहे. ठाणे जिल्ह्यातील आगरी-कोळी वस्तीच्या गावांत कबड्डी मंडळ ही गावाची ओळख मानली जाते. नागरीकरणाच्या रेट्यात या मंडळांपुढे मैदानाचा प्रश्न उभा राहिला आहे. आयर्लंडमधील ग्रामीण क्रीडामंडळांच्या इतिहासाशी तुलना करून या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आयर्लंडमधील गेलिक क्रीडामंडळे :
हर्लिंग हा काठी व लहान चेंडूने खेळला जाणारा आयर्लंडचा प्राचीन खेळ होय. इंग्रजी सत्तेच्या काळात क्रिकेट, रग्बी इत्यादी खेळांचा प्रसार होऊन देशी खेळ मागे पडू लागले. त्यांच्या पुनरुज्जीवनासाठी मायकेल क्यूसॅक व मॉरिस डेव्हिन यांच्या पुढाकाराने १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. हर्लिंग व गेलिक फुटबॉल यांचे नियम तिने निश्चित केले. सभासदांनी इंग्रजी खेळ खेळू नयेत, हा तिचा निर्बंध पुढे १९७१ पर्यंत टिकून होता.

या संस्थेच्या रचनेचा पाया म्हणजे 'पॅरिश', अर्थात एका चर्चच्या कक्षेतील गावे व वाड्या. सामान्यतः ज्या पॅरिशमध्ये जन्म, त्याच मंडळाकडून खेळ, ही परंपरा रूढ झाली. खेळाडू मोबदला घेत नाहीत. मात्र या मंडळांच्या दीर्घायुष्याचे एक कारण जमिनीत आहे. अनेक मंडळांनी स्थानिक वर्गणीतून मैदान विकत घेऊन ते विश्वस्तांच्या नावे केले. मध्यवर्ती संस्थेनेही १९१३ मध्ये डब्लिन येथील क्रोक पार्कची जागा खरेदी केली.

महाराष्ट्रातील समांतर प्रवाह :
महाराष्ट्रातही देशी खेळांच्या संघटनेमागे अशीच प्रेरणा होती. अमरावती येथे वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूच्या स्पर्धा भरविल्या. १९३० च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने या खेळाच्या नियमांना निश्चित स्वरूप दिले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ अस्तित्वात आला आणि १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीला स्थान मिळाले. अमरावतीच्या मंडळाने स्वतःचे विस्तीर्ण क्रीडासंकुल उभारले व शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही चालविले. गावोगावच्या लहान मंडळांची स्थिती मात्र वेगळी राहिली.

अल्प जागेचा खेळ :
पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर असते. हर्लिंगचे मैदान किमान १३० मीटर लांब व ८० मीटर रुंद, म्हणजे १०,४०० चौरस मीटर. याचा अर्थ हर्लिंगला कबड्डीच्या ऐंशी पट जागा लागते. कबड्डीला जागाही अल्प व साहित्यही जवळपास शून्य, म्हणूनच हा खेळ गरिबातल्या गरीब पाड्यापर्यंत पोहोचला. भातकापणी झाली की खाचर मोकळे होई. ढेकळे फोडून, पाणी मारून, माती चोपून तेथे क्रीडांगण तयार केले जाई. शेताचा मालकही गावचाच, त्यामुळे परवानगीचा प्रश्न उद्भवत नसे.

या सुलभतेतच पुढील अडचणीचे बीज होते. हर्लिंगच्या मंडळाला मोठी जागा मिळविल्याशिवाय खेळताच येत नव्हते, म्हणून त्याने ती मिळविली. कबड्डीच्या मंडळाला जागा सहज उपलब्ध होती, म्हणून ती स्वतःच्या नावे करण्याची गरज त्याला भासली नाही.

मानपाडा परिसर :
डोंबिवलीलगतच्या मानपाडा परिसरात या प्रक्रियेचे परिणाम दिसतात. औद्योगिक वसाहत व त्यानंतर कल्याण-शिळ रस्त्यालगतची गृहसंकुले यांमुळे भातशेतीचे क्षेत्र आक्रसत गेले. खाचर विकले गेले की शेतीबरोबर क्रीडांगणही जाते, आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, कारण सातबाऱ्यावर ते केवळ शेत असते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी आरक्षण ठेवता येते. परंतु दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालकाला नोटीस देता येते आणि त्यानंतरच्या विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास कलम १२७ अन्वये आरक्षण व्यपगत होते. नोंदणी नसलेल्या मंडळाला स्वतःच्या नावे जमीन धारण करणे किंवा भाडेपट्ट्याने घेणे कठीण जाते. शिवाय २०१४ पासून प्रो कबड्डीमुळे मॅटवरील खेळाला महत्त्व आले. मॅटसाठी बंदिस्त सभागृह सोयीचे असते. तो खर्च मातीवर वाढलेल्या मंडळाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

निष्कर्ष :
दोन्ही देशांत देशी खेळाला नियम मिळाले, संघटना मिळाली व गावाची निष्ठाही मिळाली. फरक पडला तो जमिनीच्या मालकीत. कबड्डीला लागणारी १३० चौरस मीटर जागा आजही एखाद्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारात मिळू शकते. महाविद्यालयांनी आपली मैदाने सायंकाळी स्थानिक मंडळांना उपलब्ध करून द्यावीत. मंडळांची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी होण्यास साहाय्य करावे. आणि वृद्ध खेळाडूंच्या मुलाखती, चषक, छायाचित्रे व वर्गणीच्या वह्या यांच्या आधारे मंडळांचे इतिहास विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावेत. मैदान कोठे होते हे सांगणारी पिढी हयात आहे तोवरच हे काम होणे शक्य आहे.