गोधडी, कुंची आणि डांबराच्या गोळ्या

दिवाळीची गडबड संपून हवेत गारवा आला की घरोघरी माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. जुनी लुगडी, धोतरे, विरलेल्या चादरी बाहेर निघतात आणि ओसरीवर नाही तर गच्चीवर गोधडी शिवायला घेतली जाते. ज्या घरात लेकीचे किंवा सुनेचे दिवस भरत आलेले असतात तेथे तर आजीच्या हाताला उसंत नसते. दुपटी, कुंची, टोपडी, लोकरीचे मोजे अशी यादी वाढतच जाते. बाजारात हे सारे तयार मिळते हे तिला पक्के ठाऊक असते, तरी ती शिवते. मला विचाराल तर तिने शिवावेच.

यात केवळ हौस नाही. नवजात बाळाच्या अंगातली ऊब फार लवकर निघून जाते. शरीराच्या मानाने डोके मोठे असते आणि कातडीखाली चरबी कमी असते. जन्मतः वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर धोका आणखी वाढतो. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब देण्याची पद्धत सुरू झाली. 'कांगारू मदर केअर' या नावाने ती आता आपल्याकडेही सरकारी रुग्णालयांत रुजली आहे. त्या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, टोपडे आणि मोजे एवढेच असते. म्हणजे आजीच्या टोपड्याला वैद्यकशास्त्रातही जागा आहे!

गोधडीचेही तसेच. तिच्या थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. शिवाय वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती लुगड्याचा रंग जायचा तो जाऊन चुकलेला असतो आणि कापड मऊ झालेले असते. नव्या कोऱ्या, खळ असलेल्या कापडापेक्षा ते बाळाच्या कातडीला केव्हाही बरे. घोंगडीची गोष्ट निराळी. चिंचोक्याची खळ दिलेली ती खरबरीत लोकर मोठ्यांना ठीक, पण बाळाच्या अंगाला थेट लागू देऊ नये.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो.

दोन-तीन हिवाळ्यांपूर्वी चार महिन्यांच्या एका मुलाला घेऊन आई आणि आजी भल्या सकाळी दवाखान्यात आल्या. "रात्रभर रडतोय डॉक्टर. दृष्ट काढली, ओव्याने पोट शेकलं, घुटी दिली, काही फरक नाही." पोट मऊ होते, कान स्वच्छ होते, ताप नव्हता. पायातला मोजा काढला तेव्हा उलगडा झाला. अंगठ्याशेजारचे बोट सुजून जांभळे पडले होते. मोज्याच्या आतल्या बाजूचा सुटलेला धागा बोटाभोवती गुंडाळला जाऊन आवळला होता. भिंग घेऊन तो कापला आणि थोड्या वेळात पोर झोपी गेले. बोट वाचले. सूज वाढली की धागा कातडीत रुतून दिसेनासा होतो आणि रक्तपुरवठा थांबून बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. आईचा गळलेला लांब केसही असाच गुंडाळला जातो.

म्हणून मोजे विणून झाले की ते उलटे करावेत, सुटे धागे गाठ मारून अगदी बुडाशी कापावेत आणि दर धुण्यानंतर पुन्हा पाहावे. बाळ कारण नसताना रडत असेल तर दृष्ट काढण्याआधी हातापायांची वीसही बोटे उघडून पाहावीत. धागा रुतलेला दिसला तर घरी उकलत बसू नये, थेट डॉक्टरांकडे न्यावे. हातमोजे तर मला मुळीच पसंत नाहीत. बाळ ओरबाडते म्हणून घालतात, पण त्यापेक्षा नखे कापावीत.

दुसरा धोका ट्रंकेतच असतो. कसर लागू नये म्हणून कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपली जुनी सवय आहे. यांतल्या अनेक गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-६-पी-डी नावाचे एक द्रव्य जन्मतःच कमी असते. हा दोष आनुवंशिक असून मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळतो. एरवी बाळ धडधाकट दिसते. पण नॅफ्थलीनच्या वाफा श्वासातून किंवा कातडीतून शरीरात गेल्या की या पेशी भराभर फुटतात, रक्त कमी होते आणि कावीळ चढते. ती फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नॅफ्थलीन तेलात विरघळते. आपल्याकडे बाळाला तेलाने चोळून-माखून लगेच दुपट्यात गुंडाळतात. ते दुपटे डांबरगोळ्यांच्या वासाचे असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ बऱ्याच बाळांना होते व ती आपोआप जाते. मात्र पहिल्या दिवशीच पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ फिकट पडले, अंगावर पिईनासे झाले, सुस्तावले किंवा लघवी चहासारखी गडद होऊ लागली तर कोवळ्या उन्हात ठेवून वाट पाहू नये. तडक रुग्णालय गाठावे आणि कपड्यांत डांबरगोळ्या होत्या हे न विसरता सांगावे. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या कधीच टाकू नयेत. ज्या कपड्यांत त्या होत्या ते नवजात बाळासाठी वापरूच नयेत, हे उत्तम. कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी कपड्यांत ठेवण्याची आपल्या आज्यांची रीत बरी होती. मात्र पुरचुंडी पक्की बांधावी आणि बाळाच्या हाती लागू देऊ नये.

थोडे शेगडीबद्दल. दुकानात लोकर म्हणून जी गुंडी मिळते ती बहुधा ॲक्रिलिकची असते. खरी लोकर सहसा भडकत नाही, ॲक्रिलिक मात्र वितळून कातडीला चिकटते. शेक-शेगडी आणि धुरीच्या वेळी बाळाला त्या खोलीत ठेवण्याचे कारण नाही. कुंचीचे बंद आखूड असावेत, घुंगरू व मणी लावू नयेत आणि पाळण्यात झोपवताना कुंची काढावी. वर्षाच्या आतील बाळाच्या अंगावर मोठ्यांची जड गोधडी घालू नये. ती तोंडावर आली तर त्याला बाजूला सारता येत नाही.

राहता राहिली आजी. "सुईत दोरा ओवायला आता नात लागते," असे हसत सांगणाऱ्या एकीला मी विचारले, "आजी, डोळे कधी तपासले?" त्यावर उत्तर आले, "चष्मा लावला की नजर आणखी उतरते म्हणतात!" हा निव्वळ गैरसमज आहे. चाळिशी हे नावच सांगते की हा वयाचा भाग आहे. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढील मजुरांना जवळचे दिसण्याचा चष्मा दिला, तेव्हा चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत त्यांचे काम २० टक्क्यांहून अधिक वाढले. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चष्म्यानेही स्पष्ट दिसत नसेल तर मोतीबिंदू आहे का ते पाहावे. त्याची शस्त्रक्रिया सरकारी जिल्हा रुग्णालयांत मोफत होते. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी दरवर्षी हवी.

रात्री अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातील नस दाबली जात असण्याचा संभव असतो. साखर व थायरॉइड तपासून घ्यावे. क्रोशाच्या सुईला कापड गुंडाळून मूठ जाड करावी आणि दर अर्ध्या तासाने मान व बोटे मोकळी करावीत. उठताना सुई गोधडीत टोचून ठेवू नये. शिवायला बसताना सुया मोजाव्यात, आवरताना पुन्हा मोजून डबीत ठेवाव्यात. एक जरी कमी भरली तर ती सापडेपर्यंत त्या गोधडीवर बाळाला ठेवू नये.